रस्त्यांचे लेखापरीक्षण : दोषदुरुस्ती कोणी करावयाची?

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेत जाऊन बसावे. लेखापरीक्षण म्हणजे काय, हे तेथील अल्पशिक्षित सभासदालाही समजावून सांगावे लागत नाही. संस्थेला यंदा 'अ' वर्ग मिळाला की 'ब', याची चर्चा पारावर होते. हिशेब लिहिणारा सचिव आणि हिशेब तपासणारा लेखापरीक्षक ही दोन माणसे वेगळी असावयास हवीत, हे तत्त्व त्याला उपजतच मान्य असते. लेखापरीक्षकाने दाखविलेले दोष दूर झाले की नाहीत, याचा 'ओ' नमुन्यातील दोषदुरुस्ती अहवाल संस्थेला सादर करावा लागतो, हेही त्याच्या कानावर आलेले असते. सहकारी चळवळीने ग्रामीण महाराष्ट्राला ज्या काही चांगल्या सवयी लावल्या, त्यांत ही एक होय. त्या सवयीचे पुढे काय झाले, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

मात्र त्याच गावच्या फाट्यावरून, कोट्यवधी रुपये खर्चून रुंद केलेला जो रस्ता जातो, त्याविषयी हाच सभासद असा प्रश्न कधी विचारीत नाही. रस्त्याचा खर्च तपासला जातो, डांबराची जाडी मोजली जाते, खडीचे नमुने प्रयोगशाळेत जातात. परंतु हा रस्ता ज्यांच्यासाठी बांधला त्यांना तो मारील की तारील, याची तपासणी रस्ता बांधणाऱ्याखेरीज अन्य कोणी केली आहे काय? केली असल्यास त्याने काय लिहून ठेवले? आणि जे लिहिले त्यावर बांधकाम करणाऱ्या खात्याने काय उत्तर दिले? रस्ता सुरक्षा लेखापरीक्षण या नावाने ओळखली जाणारी प्रक्रिया या तीन प्रश्नांपलीकडे फारशी काही नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात अलीकडे बऱ्याचदा 'होय' असे येऊ लागले आहे. दुसऱ्याचे व तिसऱ्याचे उत्तर लोकांपर्यंत पोहोचत नाही, आणि जोवर ते पोहोचत नाही तोवर पहिल्या उत्तराला फारसा अर्थ नाही.

आपल्याकडे रस्त्याचे मोजमाप करण्याची पद्धत मुळापासून लांबीची आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने देशातील रस्त्यांचा पहिला पद्धतशीर विचार केला. तिच्याच शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. १९४३ साली प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली ती 'नागपूर योजना' म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही आज तोंडी रुळलेली उतरंड त्या योजनेची देणगी. शेतीने विकसित झालेल्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे तिचे स्वप्न होते. ते त्या काळाला साजेसेच होते. ज्या गावात पावसाळ्याचे चार महिने बाळंतिणीला खाटेवरून न्यावे लागत असे, त्या गावाने रस्ता मागितला तो कसाही असो, मिळाला म्हणजे झाले, या भावनेने. लांबी हाच विकास ठरला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा काढलेला आणि २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला वाशीम जिल्हा या हिशेबात नेहमीच मागे धरला गेला. त्यामुळे 'आमच्याकडे रस्ते नाहीत' हे गाऱ्हाणे येथे इतके दिवस घातले गेले, की 'आमच्याकडे रस्ते आहेत, पण ते कसे आहेत?' हे विचारण्याची सवयच लागली नाही.

आज चित्र पालटले आहे. अकोल्याहून मेडशी, मालेगाव, वाशीममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणारा मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला. मालेगाव, शेलूबाजार, कारंजा या गावांवरून जाणारा नागपूर-औरंगाबाद हा जुना रस्ता आहेच. त्याच्या जोडीला नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आला, आणि त्यावर चढण्या-उतरण्याची सोय कारंजा, शेलूबाजार व मालेगाव येथे झाली. रस्ते रुंद झाले, गुळगुळीत झाले, वाहने वेगाने धावू लागली. रस्त्याकाठची माणसे मात्र तीच राहिली, आणि त्यांची कामेही तीच.

लेखापरीक्षणाची पद्धत प्रथम इंग्लंडमध्ये १९८० नंतरच्या दशकात आकारास आली आणि १९९१ पासून तेथील प्रमुख राजमार्गांवर ती बंधनकारक झाली. ऑस्ट्रेलियाने ती उचलली. भारतात इंडियन रोड्स काँग्रेसने २०१० साली या विषयाची नियमपुस्तिका काढली आणि २०१९ साली ती सुधारून घेतली. तिचा गाभा सोपा आहे. आराखडा करणाऱ्यांशी आणि बांधणाऱ्यांशी ज्यांचा संबंध नाही अशा जाणकारांच्या एका लहान पथकाने, रस्ता वापरणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेतून तो रस्ता पाहावा, कोठे कोणाला इजा होण्याचा संभव आहे ते लेखी मांडावे आणि उपाय सुचवावा. ही तपासणी एकदाच होत नाही. रस्ता कल्पनेत असताना, प्राथमिक आराखडा होताना, तपशीलवार नकाशे तयार झाल्यावर, काम चालू असताना, वाहतूक खुली करण्याआधी आणि पुढे रस्ता वापरात असताना, अशा तिच्या पायऱ्या आहेत.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लेखापरीक्षक हा नियमपालनाचा तपासनीस नव्हे. प्रत्येक गोष्ट नियमाप्रमाणे असूनही रस्ता घातक असू शकतो. वळणाची सूचना देणारा फलक नियमाप्रमाणे अंतरावर, नियमाप्रमाणे उंचीवर उभा असतो. परंतु त्याच्यासमोर कडुनिंबाची फांदी आलेली असते, अथवा कोणा स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक त्याच्यावर सावली धरून उभा असतो. कागदावर फलक आहे. वाहन हाकणाऱ्याला तो नाही. लेखापरीक्षकाला कागद विसरून डोळ्यांनी पाहावे लागते. तसेच पुलाच्या मजबुतीच्या तपासणीशीही या कामाची गल्लत करू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल वाहून गेल्यानंतर पुलांची संरचनात्मक तपासणी हा शब्द घरोघरी पोहोचला. पूल उभा राहील काय, हा तिचा प्रश्न. पूल भक्कम उभा आहे, पण रस्ता रुंद होऊनही पूल अरुंदच राहिला आणि त्याचा कठडा रात्री दिसत नाही, हा सुरक्षा लेखापरीक्षणाचा प्रश्न. अरुणावती, अडाण, काटेपूर्णा, पैनगंगा आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले ओलांडणाऱ्या या जिल्ह्यातील रस्त्यांना हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच लागू आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालावयास हवे? पथकाने नकाशे आणि अपघातांच्या नोंदी आधी वाचून घ्याव्यात. मग रस्त्यावरून दोन्ही दिशांनी वाहनाने जावे, कारण जाताना सुरक्षित वाटलेले वळण येताना तसे असेलच असे नाही. मग उतरून चालावे. दिवसा पाहावे आणि रात्री पुन्हा पाहावे; नियमपुस्तिकेचा यावर विशेष कटाक्ष आहे, कारण दिवसा ठसठशीत दिसणारा दुभाजकाचा आरंभ अमावस्येच्या रात्री नाहीसा होतो. शाळेतल्या मुलाच्या उंचीवरून पाहावे, दुचाकीवर मागे बसलेल्या बाईच्या दृष्टीने पाहावे, ट्रकच्या उंच कॅबिनमधून पाहावे. वाशीमपुरते बोलावयाचे तर यात बैलगाडी आणि ट्रॅक्टरची ट्रॉली यांची भर घालणे भाग आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते, तेव्हा बाजार समित्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात, मागचा दिवा नसताना रस्त्यावर असतात. एप्रिल महिन्यात येऊन, रिकामा रस्ता पाहून, अहवाल लिहून गेलेल्या पथकाला या ट्रॉल्या कशा दिसणार? आषाढीपूर्वी शेगावहून पंढरपुरास निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड या वाटेने जाते. रामनवमीला पोहरादेवीकडे बंजारा समाजाचे लोंढे वाहतात. वारकरी चालतो तो रस्त्याच्या कडेने. रस्त्याला कड आहे काय, हे त्याच्या पायांना ठाऊक असते.

या कडेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. डांबरी भागालगतची जी मुरमाची पट्टी, जिला सर्वजण साइडपट्टी म्हणतात, तिच्याइतका उपेक्षित भाग रस्त्यात दुसरा नाही. काळ्या कपाशीच्या जमिनीचा स्वभाव असा, की ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. साइडपट्टी त्यात खचते. दर काही वर्षांनी रस्त्याचे नूतनीकरण होते, डांबराचा नवा थर चढतो आणि कड आणखी उंच होते. थराची जाडी अंदाजपत्रकाप्रमाणे भरली म्हणून देयक मंजूर होते आणि ते योग्यच असते. पण समोरून ट्रक आला म्हणून दुचाकी खाली उतरविणाऱ्याचे पुढचे चाक त्या वीतभर खाईत जाते आणि तो तोल जाऊन पडतो, तो ट्रकच्या मागच्या चाकाखाली. पोलिसांच्या नोंदीत हा अपघात 'ट्रकची धडक' अथवा 'दुचाकीस्वाराचा ताबा सुटला' अशा शब्दांत जातो. पैशाचा हिशेब तपासणाऱ्याला ज्या कामात काहीच खोट सापडत नाही, त्याच कामात सुरक्षेचा हिशेब तपासणाऱ्याला एक मृत्यू दिसतो. दोन हिशेब वेगळे का ठेवावयाचे, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आणि मग फाटा. वऱ्हाडातील माणसाच्या जीवनात फाट्याला जे स्थान आहे ते नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते. गाव आत दोन-तीन किलोमीटरवर असते, फाट्यावर एस.टी. थांबते, चहाची टपरी असते, पंक्चर काढणारा असतो, शाळा-कॉलेजची मुले तेथेच उतरतात. महामार्गाची पातळी भराव घालून उंच केलेली असते, म्हणून गावाकडून येणारा रस्ता अखेरच्या काही हातांत एकदम चढ घेतो. कोपऱ्यावर बाभळी वाढलेल्या असतात. दुचाकीवाला चढ चढताना गाडीला जोर देतो आणि त्या जोरानिशीच महामार्गावर येतो. थांबून दोन्हीकडे पाहावे इतकी सपाट जागाच त्याला ठेवलेली नसते. आता थोडे अंकगणित पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोर अडथळा दिसल्यापासून ते पूर्ण थांबेपर्यंत त्याला सुमारे १२० मीटर अंतर लागते, असे इंडियन रोड्स काँग्रेसची मानके सांगतात. उभ्या अवस्थेतून निघून रस्ता ओलांडावयास दुचाकीला पाच सेकंद लागले, तर तेवढ्या वेळात मोटार ११० मीटर पुढे आलेली असते. म्हणजे निदान तेवढे अंतर दोघांनाही एकमेकांना दिसावयास हवे. बाभळीआडून ते दिसत नसेल, तर तेथे काय घडणार हे सांगावयास ज्योतिषी नको. एस.टी.चा थांबा नेमका तिठ्यावर असेल तर उतरलेली मुले गाडीच्या मागून रस्ता ओलांडतात, आणि मागून येणाऱ्याला ती दिसतात ती बसच्या सावलीतून बाहेर पडल्यावरच. थांबा तिठ्यापासून थोडा पुढे सरकविणे, बाभळी छाटणे, चढाच्या डोक्यावर थांबण्यापुरती सपाट जागा करणे, एक दिवा लावणे, याला काय खर्च येतो?

खर्चाची अडचण खरी नव्हेच. अडचण अशी की फाटा कोणाचाच नसतो. महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे, आतला रस्ता जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामसडक योजनेकडे, थांबा राज्य परिवहन महामंडळाचा, बाभळी आणखी कोणाच्या, आणि दिव्याचे वीजबिल ग्रामपंचायतीने भरावे की नाही यावर पत्रव्यवहार. प्रत्येक खात्याचा रस्ता आपापल्या हद्दीत निर्दोष असतो. माणूस मरतो तो सांध्यावर. लेखापरीक्षणाचे पथक हद्दी मानत नाही, हाच त्याचा मोठा उपयोग. पण त्याचा अहवाल ज्या एका कार्यालयाकडे जातो, त्याची हद्द मात्र कायम असते.

फाट्यावर माणूस गेला की गाव रस्ता रोखते आणि मागणी करते ती गतिरोधकाची. गावकऱ्यांचा संताप समजण्याजोगा आहे. उपायाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. मानकांप्रमाणे गतिरोधकाचा उंचवटा सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर असावयास हवा, त्यावर पट्टे हवेत, आधी सूचनाफलक हवा. जमाव शांत करण्यासाठी रातोरात टाकलेला खडी-डांबराचा अरुंद ढीग यात बसत नाही. ज्या रस्त्यावर वाहने ८० च्या वेगाने येतात तेथे असा ढीग दुचाकीवाल्याला उडवून देतो. एका मृत्यूच्या निषेधार्थ बांधलेली वस्तू दुसऱ्या मृत्यूस कारण होते, आणि त्याबद्दल रस्ता रोखण्यास मग कोणी येत नाही.

रस्त्यावरील मृत्यूंचे कारण विचारले की सर्वत्र एकच उत्तर मिळते : मानवी चूक. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; महाराष्ट्रात १५,२२४. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदलेले आहे. ही नोंद खोटी नव्हे, पण ती अपुरी आहे. अपघातस्थळी पोहोचलेल्या पोलीस अंमलदाराला चालक सापडतो. वळणाची त्रिज्या, दृष्टिअंतर, कडेची खोली त्याच्या हाताशी नसते आणि रस्त्यावर गुन्हा दाखल करण्याचा रकाना कोठेही नाही. अलीकडे अपघातांची नोंद संगणकप्रणालीवर होऊ लागली असून तीत बांधकाम खात्याच्या अधिकाऱ्यानेही स्थळपाहणी नोंदवावी अशी सोय आहे. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु आपल्याच रस्त्याचा दोष आपल्याच हाताने नोंदविणे हे सचिवाने स्वतःचे लेखापरीक्षण करण्यासारखेच झाले.

माणूस चुकणारच, ही गोष्ट ज्याने गृहीत धरली नाही त्याने रस्ता माणसांसाठी बांधलाच नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली जे धोरण स्वीकारले त्याचे सार हेच होते : चूक चालकाची असेल, पण त्या चुकीची शिक्षा मृत्युदंड असू नये, आणि ती जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याची. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यानंतर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजानजीक खाजगी प्रवासी बस दुभाजकाला धडकून उलटली, पेटली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटला, चालकाला डुलकी लागली की त्याने मद्य घेतले होते, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. त्या साऱ्याची चौकशी व्हावयासच हवी होती. लेखापरीक्षकाचा प्रश्न मात्र त्यापुढे सुरू होतो : बस रस्ता सोडून गेली, तेव्हा तिला कशाने अडविले? जे आडवे आले ते आघात सोसून घेणारे होते की नव्हते? आणि बस कलंडल्यावर आतल्या माणसांना बाहेर पडावयास वाट होती काय?

त्या भीषण घटनेमुळे साऱ्यांचे लक्ष समृद्धीकडे वेधले गेले. वाशीमच्या दृष्टीने यात एक धोका आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. दुचाकीला आणि पादचाऱ्याला समृद्धीवर प्रवेशच नाही. म्हणजे ज्यांना सर्वाधिक धोका, ती माणसे मालेगाव-रिसोड, मंगरुळपीर-मानोरा, कारंजा-मूर्तिजापूर अशा साध्या रस्त्यांवर, वाशीम शहरातील अकोला नाका आणि पुसद नाक्यावर आहेत. देशातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांची लांबी एकूण रस्त्यांच्या सुमारे पाच टक्के. मृत्यू मात्र साठ टक्क्यांवर. जे रस्ते पूर्वी गावातून जात होते आणि पुढे केवळ फलक बदलून महामार्ग झाले, त्यांचा वाटा यात किती, हे कोणी वेगळे काढून पाहिले तर बोध होईल.

कायदा आणि न्यायालय यांनी आपल्या परीने पावले टाकली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात पाच किलोमीटर वा अधिक लांबीच्या नव्या रस्त्यांचे आराखड्याच्या टप्प्यावरच लेखापरीक्षण व्हावे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत रस्ता सुरक्षा समित्या असाव्यात असे निर्देश दिले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ घातले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम वा देखभाल करणाऱ्याने सुरक्षेची मानके पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर त्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड. इकडे निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्या चालकाला भारतीय न्याय संहितेप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चालकाला सूट द्यावी असे कोणीही म्हणणार नाही. पण कोट्यवधींच्या कंत्राटात एक लाखाची रक्कम किरकोळ खर्चात मोडते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अपघातप्रवण स्थळ ठरविण्याची आपली रीतही अशीच विचार करावयास लावणारी आहे. महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू झाले, म्हणजे ती जागा यादीत येते आणि निधीस पात्र ठरते. यादी हवीच, जेथे माणसे मरत आहेत तेथे पहिला रुपया खर्च व्हावा हे न्याय्य आहे. पण ही पद्धत प्रेते मोजून चालते. चार अपघातांवर थांबलेली जागा पाचव्याची वाट पाहत राहते. लेखापरीक्षणाचे वैशिष्ट्य हे, की ते पहिल्या अपघाताच्या आधी बोलू शकते. चूक नकाशात असते तेव्हा ती खोडरबराने पुसता येते. तीच चूक काँक्रीटमध्ये उतरली, की ती पुसण्यासाठी पुन्हा भूसंपादन, पुन्हा निविदा आणि पुन्हा उद्घाटन.

या साऱ्याची किंमत किती? मंत्रालयासाठी झालेल्या एका अभ्यासाने २०१८ सालचे नुकसान १,४७,११४ कोटी रुपये, म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.७७ टक्के धरले. जागतिक बँकेचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. आकड्यांत एवढी तफावत का, याचे उत्तर मेलेल्या माणसाचे मोल कसे लावावयाचे या प्रश्नात आहे, आणि त्यावर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत. ते नुकसान कोण सोसतो, याविषयी मात्र फारसा वाद नाही. महाराष्ट्रासह चार राज्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक बँकेच्या पाहणीत पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक गरीब कुटुंबांनी अपघातानंतर उत्पन्न घटल्याचे सांगितले. कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या घरात कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की आधी बैल जातो, मग शेत गहाण पडते, मग मुलीचे शिक्षण थांबते. रस्त्याच्या अंदाजपत्रकात वाचविलेली रक्कम कोणाच्या खिशातून वसूल झाली, हे यावरून दिसते. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. ज्याने निर्णय घेतला त्याने तो भरावयाचा नसतो.

अभियंत्यांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. जागा मिळत नाही, अतिक्रमणे काढावयास गेले तर दडपण येते, जाणकार लेखापरीक्षकांची संख्या थोडी. शिवाय परीक्षकाने उंटावरून शेळ्या हाकाव्यात आणि निधीची जुळवाजुळव कार्यकारी अभियंत्याने करावी, ही तक्रार अगदीच निराधार नव्हे. सुधारणा मुळीच अशक्य असती तर या अडचणी निर्णायक मानता आल्या असत्या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. तेथे रस्त्याचा एकेक दोष हुडकून तो दूर करण्याचे काम सातत्याने चालले आणि २०२० साली मृत्यूंचा आकडा ६६ वर आला. त्या वर्षी टाळेबंदी होती हे विसरता कामा नये. पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती. अर्थात त्या रस्त्याला पैसा होता, पथकर होता, आणि वृत्तपत्रांचे लक्ष होते. मानोरा तालुक्यातील फाट्याला यांतले काही नाही.

त्याला जे मिळू शकते ते निराळे आहे. लेखापरीक्षणाच्या नियमात अहवालाला रस्त्याच्या मालकाने मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे अशी अपेक्षा आहे. शिफारस मान्य असेल तर केव्हा अमलात येईल. अमान्य असेल तर का. सुरक्षेची सारी शक्ती या उत्तरात आहे, कारण 'अमान्य' असे लिहून खाली स्वाक्षरी करणाऱ्याला दहादा विचार करावा लागतो. आपल्याकडे मात्र हे अहवाल आणि ही उत्तरे जाहीर करण्याची प्रथा रुजलेली नाही. त्यांच्या मराठी प्रती जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने ज्या गावांच्या हद्दीतून रस्ता जातो त्या ग्रामपंचायतींकडे पाठविल्या, तर ग्रामसभेत त्यांचे वाचन होण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. पथकाने फाट्यावरच्या टपरीवाल्याला, एस.टी.च्या चालकाला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारावे. कोणत्या वेळी कोठे ब्रेक वाजतात हे त्यांना ठाऊक असते. पाहणी सुगीत एकदा आणि पावसाळ्यात एकदा, रात्रीसह व्हावी.

सोसायटीच्या सभेत 'ओ' नमुना वाचला जातो तसा फाट्याचाही वाचला जाऊ शकेल. बाभळी तोडल्या : होय, अमुक तारखेस. थांबा हलविला : नाही, महामंडळास पत्र दिले. साइडपट्टी भरली : अंशतः. दिवा : वीजबिलाचा प्रश्न अनिर्णीत. चार ओळींचा हा कागद ज्या गावात वाचला जाईल, तेथील सभासद पुढचा प्रश्न स्वतःच विचारील. महामंडळास पत्र कोणत्या तारखेस दिले, आणि त्याचा जावक क्रमांक काय?